बोट पार्टनरच्या नावावर, नोटीस डहाणूची, आणि दंड अर्धा माझा?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका काकांचा लांबलचक मेल आलाय. नाव देत नाही, मजकूर थोडक्यात सांगते. काका प्रायव्हेट कंपनीतून रिटायर झाले, हातात पैसे आले, एफडीच्या व्याजात मन रमेना, म्हणून गुजरातमधल्याच उमरगामच्या एका जुन्या ओळखीच्या माणसाबरोबर मच्छीमारीच्या ट्रॉलरमध्ये १४ लाख घातले, ९ बँकेतून आणि ५ रोख. बोटीचं रजिस्ट्रेशन, लायसन्स, डिझेलचं कार्ड, सगळं पार्टनरच्या नावावर, कारण तो पिढीजात मच्छीमार आणि काका नाहीत. दोघांत ३०० रुपयांच्या स्टॅम्पवर भागीदारीचा करार, नोटरी केलेला, नफा-तोटा निम्मा निम्मा. आता ती बोट डहाणूसमोर महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याच्या गस्ती नौकेनं पकडली, बंदरात आणून बांधली, मासळीचा लिलाव केला आणि नोटीस काढली. आरोप तीन: महाराष्ट्राचा परवाना नसताना त्यांच्या हद्दीत मासेमारी, बोटीवर एलईडी दिवे, आणि लहान साइजचं पापलेट. पार्टनर म्हणतो आपण १२ मैलांच्या बाहेर होतो, केसच खोटी आहे, पण झटपट मिटवायचं असेल तर दंड अर्धा अर्धा भरू. काका विचारतात, मी जन्मात त्या बोटीवर चढलो नाही, बोट माझ्या नावावर नाही, मग मी कशाला भरू? एकाच देशात या राज्याची बोट त्या राज्यात गेली तर गुन्हा कसा, ट्रक जातात की रोज. आणि मेलच्या शेवटी, मुलगा म्हणतोय तो स्टॅम्प पेपर फाडून टाका, कशाला नसतं लफडं, तर फाडू का?

काका, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नका फाडू. फाडला असेल तर नोटरीच्या रजिस्टरमधली नोंद आणि पार्टनरकडची कॉपी शोधा. तुमच्या मुलाला वाटतंय की कागद गेला की संबंध गेला, पण ९ लाख तुमच्या खात्यातून त्याच्या खात्यात गेलेत ते बँकेच्या स्टेटमेंटमध्ये आहेतच ना. कागद फाडल्यावर चित्र काय उरतं? पैसे एकाचे, बोट दुसऱ्याच्या नावावर, मधे काहीच कागद नाही. याला बेनामी म्हणतात, आणि १९८८ चा बेनामी कायदा, जो २०१६ मध्ये दुरुस्त झाला, तो फक्त जमीन-घरापुरता नाही, बोटीसारखी जंगम वस्तूसुद्धा त्यात येते, जप्त होऊ शकते. त्याच कायद्यात एक अपवाद आहे की पार्टनरनं पार्टनरच्या भल्यासाठी विश्वासानं स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवली तर ती बेनामी नाही. म्हणजे ज्या कागदाला तुम्ही लफडं म्हणताय तीच तुमची छत्री आहे. लॅमिनेट मात्र करू नका, स्टॅम्प पेपर लॅमिनेट केलेले बघितले की आम्हा वकिलांचं डोकं दुखतं, नुसता फायलीत ठेवा.

पण छत्रीला दांडाही असतो. करार आहे म्हणजे तुम्ही भागीदार आहात, आणि भागीदारी कायदा १९३२ चा, त्याच्या कलम २५ प्रमाणे फर्मनं जे काही केलं त्याची जबाबदारी प्रत्येक भागीदारावर, एकत्रही आणि एकेकट्यावरही. मी फक्त पैसे घातले, मी कधी बंदरावर गेलो नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगून उपयोग नसतो. बडोद्यात आपल्या लोकांना ही सवयच आहे, पैसे घालायचे आणि म्हणायचं मी स्लीपिंग पार्टनर, पण कायद्यात झोपलेला आणि जागा असा भेद नाहीये. तेव्हा नोटीस आज फक्त पार्टनरच्या नावानं असली, तरी "माझा काय संबंध" हे उत्तर मनातून काढून टाका.

आता ट्रकचं. ट्रकलाही दुसऱ्या राज्यात जायला परमिट लागतंच, पण ते सोडा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मासेमारी हा विषय दोन ठिकाणी वाटलेला आहे, राज्यांच्या यादीत नोंद २१ आणि केंद्राच्या यादीत नोंद ५७, ज्यात प्रादेशिक समुद्राच्या पलीकडची मासेमारी येते. प्रादेशिक समुद्र म्हणजे १२ सागरी मैल, एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. त्याच्या आत ज्या राज्याचा किनारा त्या राज्याचा कायदा, बाहेर २०० मैलांपर्यंत केंद्राचा. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा आहे, सागरी मासेमारी नियमन अधिनियम, आणि गुजरातचा फिशरीज ॲक्ट २००३ चा. उमरगामचं लायसन्स झाईच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या गावाच्या, पुढे चालत नाही. गंमत म्हणजे उमरगाम १ मे १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना अजून समुद्र एकच वाटतो, आणि पाण्यावर काही "महाराष्ट्रात आपले स्वागत आहे"चा बोर्ड नाही. पण हे भावनेचं झालं, सुनावणीत चालणार नाही.

आणि हा कायदा का कडक झाला तेही समजून घ्या म्हणजे समोरचा अधिकारी तुमच्या वाईटावर आहे असं वाटणार नाही. सातपाटी, डहाणू, झाईचे मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडतायत की परराज्यातले मोठे ट्रॉलर येऊन आमच्या जाळ्यांवरून ट्रॉल ओढतात, जाळी तुटतात, मासळी जाते. म्हणून २०२१ मध्ये महाराष्ट्रानं कायदा बदलला. आधी दंड हजारांत होता, बोटवाले तो खर्चात धरायचे, डिझेल इतकं, बर्फ इतका, दंड इतका. आता तो लाखांत गेला, आणि निकाल देण्याचे अधिकार तहसीलदाराकडून काढून मत्स्यव्यवसाय खात्याच्याच अधिकाऱ्याला दिले. शिवाय जानेवारी २०२५ पासून ते किनाऱ्यावर ड्रोन उडवतात. तेव्हा पार्टनर जर म्हणत असेल की मी ओळखीनं मिटवतो, तर त्याला सांगा तो जमाना गेला.

आता मुद्द्याचं, १२ मैल. पार्टनरचा सगळा बचाव यावर उभा आहे आणि मला तो बचाव जितका सोपा वाटतो तितका तो नाहीये.

पहिली गोष्ट, १२ मैल डहाणूच्या किनाऱ्यावरच्या वाळूपासून मोजत नाहीत, बेसलाइनपासून मोजतात. ही बेसलाइन साधारण ओहोटीच्या पाण्याच्या रेषेवर असते, पण जिथे किनारा आत-बाहेर वळलेला आहे, खाड्या-आखातं आहेत, तिथे बाहेरचे पॉइंट सरळ रेषेनं जोडता येतात, आणि केंद्रानं २००९ मध्ये असे पॉइंट अक्षांश-रेखांशासकट जाहीर केलेत. त्यामुळे काही ठिकाणी ही रेषा समुद्रात बरीच बाहेरून जाते. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या, प्लॉटरवर, म्हणजे बोटीची जागा दाखवणाऱ्या जीपीएसच्या पडद्यावर, बंदरापासून अंतर बघतो, तिथे १५ दाखवलं की त्याला वाटतं सुटलो, आणि तो मनापासून खरं बोलत असतो हो, पण १५ मैलांवर असूनही हद्दीच्या आत असणं शक्य आहे. म्हणून "किती मैल" विचारू नका, अक्षांश-रेखांश विचारा, आणि पंचनाम्यात लिहिलेल्या अक्षांश-रेखांशाशी ताडून बघा. ते आकडे चार्टवर टाकून देणारे लोक असतात, मर्चंट नेव्हीतून रिटायर झालेला एखादा कॅप्टन बडोद्यातही सापडेल, मला दोघं माहीत आहेत.

दुसरी गोष्ट, पुरावा बोटीवरच आहे आणि बोट त्यांच्या ताब्यात आहे. प्लॉटरमध्ये ट्रॅक साठतो पण मेमरी भरली की जुना पुसला जातो, कुणी बटण दाबलं तरी जातो. म्हणून आजच, उद्या नाही, लेखी अर्ज द्या की प्लॉटर, आणि बोटीची जागा बाहेर कळवणारी यंत्रं, ट्रान्सपाँडर आणि एआयएस, काय असेल ते जसंच्या तसं जपून ठेवा आणि आमच्या माणसासमोर डेटा काढू द्या. ड्रोनचं किंवा गस्ती नौकेचं शूटिंग असेल तर त्याचीही कॉपी मागा. ट्रान्सपाँडर म्हणजे केंद्रानं एक लाख बोटींवर फुकट बसवायला काढलेत ते, ज्याचा कार्यक्रम ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरलाच झाला होता, तुमच्या बोटीवर बसवलाय का विचारा. बरेच तांडेल तो बंद करून ठेवतात, आणि मग तोच बंद ट्रान्सपाँडर समोरचा वकील दाखवतो, की लपवायचं नव्हतं तर बंद का केला. डेटा काढला की त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडा, पूर्वीचं ६५-ब, तेच ते.

तिसरी गोष्ट, बोट हद्दीत असणं आणि बोट हद्दीत मासे पकडत असणं यात फरक आहे. बाहेरच्या पाण्यात जायला-यायला बोट कुणाच्या ना कुणाच्या हद्दीतून जाणारच. तेव्हा पंचनाम्यात जाळं कुठे होतं ते वाचा, पाण्यात होतं, विंचवर ओलं होतं, की आवरून बांधलेलं होतं. मासळी बर्फात थर लावून ठेवलेली होती की डेकवर ताजी पडलेली. हे शब्द त्या पंचनाम्यात असतील तर केस तिथेच फिरते, इकडे किंवा तिकडे.

आणि आता ती गोष्ट जी पार्टनरनं तुम्हाला सांगितली नाहीये. समजा सिद्ध झालं की बोट १२ मैलांच्या बाहेर होती. पहिला आरोप गेला. पण एलईडीचा? एलईडी लावून मासेमारी आणि दोन बोटींनी मिळून जाळं ओढणं, ज्याला पेअर ट्रॉलिंग म्हणतात, या दोन्हींवर केंद्रानं नोव्हेंबर २०१७ मध्येच बाहेरच्या पाण्यातसुद्धा बंदी घातली. कारण साधं आहे, दिवा लावला की अख्खा थवाच्या थवा पिल्लांसकट उजेडाकडे येतो, एका रात्रीत एक बोट मालामाल आणि आजूबाजूच्या वीस बोटी रिकाम्या. महाराष्ट्राच्या कायद्यात तर एलईडीचा दंड पहिल्यांदा ५ लाख आणि पुन्हा सापडलात तर २० लाख. शिवाय केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये २०० मैलांच्या पट्ट्यासाठी नवे नियम काढले, त्यात यांत्रिक बोटीला बाहेर मासेमारी करायला ॲक्सेस पास लागतो, ऑनलाइन निघतो, फी नाही, पारंपरिक छोट्या होड्यांना माफ आहे पण ट्रॉलरला नाही. म्हणजे सुनावणीत "आम्ही बाहेर होतो" असं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, बरं, पास दाखवा. पार्टनरला फोन करा आणि फक्त एवढंच विचारा, पास काढला होता का. उत्तर द्यायला त्याला किती वेळ लागतो त्यावरून तुम्हाला कळेल.

कुणीतरी त्याला सुप्रीम कोर्टाचं पण सांगितलेलं दिसतंय, "कोर्टानं १२ मैलांबाहेर मोकळीक दिली". तो जानेवारी २०२३ चा अंतरिम आदेश आहे, तामिळनाडूच्या पर्ससीन, म्हणजे थव्याला गोल जाळ्यानं वेढणाऱ्या, बोटींबद्दलचा, आणि मोकळीक म्हणजे काय तर आठवड्यातून फक्त सोमवार आणि गुरुवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६, ट्रॅकिंग चालू ठेवून. तुमचा ट्रॉलर, तोही रात्री, डहाणूला. तो आदेश काढून दाखवलात तर उलटा अंगावर येईल.

एलईडीवर बचाव नाहीच असं नाही म्हणत मी. पार्टनर म्हणतो ते डेकवर काम करायचे दिवे होते. असू शकतं. डेकचा दिवा डेककडे तोंड करून असतो, मासे बोलावणारा पाण्याकडे. किती दिवे, किती वॅटचे, वेगळा जनरेटर होता का, दिवे चालू होते का, पाण्यात सोडायची केबल होती का, हे पंचनाम्यात लिहिलंय का बघा, आणि नुसतं "एलईडी दिवे आढळले" इतकंच लिहिलं असेल तर खुश व्हा, कारण त्यावर उलटतपासणी घेता येते. आणि जनरेटर सापडला असेल, तर काका, मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.

पापलेटचं थोडक्यात. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ५४ जातींची कमीत कमी साइज ठरवली, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून. पापलेटची १३५ मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेट राज्यमासाही झाला, म्हणजे त्याच्या पिल्लांना हात लावलात तर आता जरा जास्तच दुखतं त्यांना. मोजमाप कसं केलं, किती नग मोजले, ढिगातले चार उचलून मोजले की काय, ते विचारा. मासळी लिलावात गेली म्हणजे आता पुन्हा मोजता येणार नाही, म्हणून फोटो आणि मोजणीचा कागद एवढंच उरलंय. लिलावाची पावती मात्र सोडू नका, केस जिंकलात तर ते पैसे तुमच्या फर्मचे आहेत आणि लोक ते मागायलाच विसरतात.

जेलची भीती मेलमध्ये दोनदा लिहिलीये तुम्ही. या तीन आरोपांत मामला दंडाचा, बोट अडकण्याचा आणि लायसन्सचा आहे. जेल कधी येते, तर जाळ्यात वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधलं काही सापडलं तर, व्हेल शार्क, समुद्री घोडा, समुद्री काकडी असलं, तिथे ३ ते ७ वर्षं आहेत. पंचनाम्यात तसं काही नाहीये असं तुमच्या मेलवरून दिसतंय. गुजरातचे मच्छीमार तर व्हेल शार्क अडकला की जाळं कापून सोडतात आणि जाळ्याची भरपाई वनखात्याकडून घेतात, हे त्यांचं मोठेपण आहे खरं.

आता दंड अर्धा भरू का. ऑर्डर निघायच्या आधी एक रुपया देऊ नका. सुनावणी व्हायचीये अजून, रक्कम ठरलेली नाही, मग अर्धा कशाचा? पार्टनर एका आकड्यावर अर्धा मागेल, दंड दुसराच निघेल, आणि मधले पैसे कुठे गेले हे विचारताना तुमचीच जीभ अडखळेल. त्यापेक्षा दोघांनी मिळून एक वकील करा, पालघर-डहाणूकडचा, मी बडोद्याहून येऊन तारखा करण्यात तुमचा खर्च आहे. अपील करायचं तर तेही महाराष्ट्रातच, आणि त्यापुढे मुंबई हायकोर्ट, अहमदाबादला जाऊन काही होणार नाही. अपिलाची मुदत ऑर्डर हातात पडल्यापासून मोजतात, तेव्हा ऑर्डर कुणी कधी घेतली ती तारीख पार्टनरला लिहून ठेवायला सांगा, आणि पैसे तयार ठेवा, कारण अशा अपिलात सहसा दंड आधी जमा करायला लावतात. मधल्या काळात हमी देऊन बोट सोडवायचा अर्ज करा, उभी बोट खाते काका, इंजिन बसून खराब होतं, खलाशी दुसऱ्या बोटीवर जातात, आणि सीझन काही तुमच्यासाठी थांबत नाही, १ जूनला परत बंदी लागतेच.

भरायची वेळ आलीच तर बँकेतून, सरकारी चलनाची कॉपी घेऊन, आणि पार्टनरला एक साधं पत्र देऊन की हे पैसे मी हिशोब राखून देतोय, चूक कुणाची हे नंतर ठरेल. कारण भागीदारी कायद्याच्या कलम १३ मध्ये असं आहे की एका भागीदारानं जाणूनबुजून हयगय केली आणि फर्मला फटका बसला तर त्यानं फर्मला भरून द्यायचं. तुम्हाला न विचारता जनरेटर आणि एलईडी चढवले असतील तर मला ती जाणूनबुजूनच वाटते. मात्र तो खरेदीचा खर्च तुमच्या हिशोबात लावला होता का आणि तुम्ही व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवला होता का, ते आधी तपासा. मी हसत नाहीये, हे होतं.

त्याच्यावर दावा लावायचा विचार असेल तर एक अडचण आहे. तुमची फर्म रजिस्टर्ड नाही, नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे, आणि कलम ६९ मुळे रजिस्टर नसलेल्या फर्मच्या भागीदाराला करारातला हक्क मागायला दुसऱ्या भागीदारावर दावा लावता येत नाही. एकच वाट उघडी राहते, फर्म मोडा आणि हिशोब द्या, असा दावा लागतो. म्हणजे भांडायचं तर संसार मोडूनच, मधलं काही नाही. किंवा आज दोघं समजुतीनं फर्म रजिस्टर करून घ्या. आणि ते रोख ५ लाख, इन्कम टॅक्स कायद्याच्या २६९एसटी कलमात २ लाख किंवा त्यावर रोख घेणाऱ्याला दंड आहे, देणाऱ्याला नाही, म्हणजे ती डोकेदुखी त्याची. पण तुम्ही ते कुठून आणले हे इन्कम टॅक्सवाले तुम्हालाच विचारणार, तेव्हा बँकेतून काढल्याची नोंद हाताशी ठेवा.

बडोद्याला समुद्र नाही म्हणून लोक या धंद्याला शेअर मार्केटसारखं समजतात, पैसे घालायचे आणि वाट बघायची. बडोदा संस्थानाला समुद्र होता हो, द्वारकेकडचं ओखामंडळ, नवसारी प्रांत, आणि सयाजीराव महाराजांनी ओखामंडळच्या समुद्रात काय काय आहे हे बघायला जेम्स हॉर्नेल नावाच्या साहेबाला लावलं होतं, त्याचा पहिला अहवाल १९०९ चा आहे. पैसे घालायच्या आधी त्यांनी माणूस पाठवला, तुम्ही निदान आता एकदा उमरगामला जाऊन या.

आणि जाल तेव्हा पंचनाम्याची पूर्ण कॉपी घेऊन या, सगळी पानं. तो मराठीत असणार, तुमचा तांडेल गुजराती बोलणारा, आणि पार्टनरला मराठी वाचता येत नाही असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे त्या दोघांनी आजवर तो वाचलेलाच नाही. पहिल्यांदा तुम्हीच वाचणार आहात. शेवटच्या पानावर तांडेलची सही आहे की अंगठा ते बघा, आणि त्याच्या वर "गुजरातीत वाचून समजावला" असं काही लिहिलंय का ते बघा. नसेल तर त्या पानाचा फोटो मला आधी पाठवा, बाकीचं सावकाश.